गोठ्याच्या भिंतीपलीकडचे सर

आमच्या सरांना कधी राग आला नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची अधिवृक्क, म्हणजे अ‍ॅड्रिनल, ग्रंथी स्रवायची, एवढंच. भूक लागली की ते 'साखर उतरली' म्हणत, झोप आली नाही की 'मेलॅटोनिन रुसलंय' म्हणत, आणि प्राचार्यांचा आरडाओरडा सुरू झाला की शेजारच्या माणसाकडे झुकून हळूच विचारत, "यांचं थायरॉइड कुणी तपासलंय का?" माया, प्रेम, मत्सर हे शब्द त्यांच्या तोंडी मी फार क्वचित ऐकले. मी मराठी शिकवायची, म्हणजे माझं तर पोटच या शब्दांवर चालत होतं. साहजिकच पहिलं वर्षभर आमचं काही जमलं नाही.

तेलगावच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते जीवशास्त्राचे सर, आणि बाहेर आमचे घरमालक. माझे यजमान साखर कारखान्यात नोकरीला होते, म्हणून आम्ही सरांच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आतल्या खोलीच्या भिंतीपलीकडे त्यांचा गोठा. गोठ्यात मैना नावाची एकच म्हैस. भिंतीत वर एक झरोका होता, त्यातून मैनेचा वास, मैनेचा हंबरडा आणि सरांचं बोलणं हे तिन्ही आमच्याकडे बिनभाड्याने यायचं. बरोबरीच्या मास्तरांनी बीडला प्लॉट घेतले, सरांनी म्हैस घेतली. कुणी हसलं तर म्हणायचे, "प्लॉटला ग्रंथी असत्यात का?"

उंच, किडकिडीत, पँट एक बोट आखूड. वर्गात शिकवताना केसांत हटकून कडब्याची काडी असायची. इतर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, सर थर्मामीटर लावत. त्या थर्मामीटरची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. बारावीच्या एका पोराने दुसऱ्याच्या मुस्काटात ठेवून दिली. पोरगं मोठ्या बागायतदाराच्या घरचं, त्याचे वडील पुढारी. प्राचार्यांनी बोलावलं म्हणून वडील आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, की आमचं रक्तच गरम आहे, आमच्या आज्यापासून असंच आहे, त्याला कुणी काय करणार. प्राचार्यांनी मान डोलवली. सरांनी मात्र खिशातून थर्मामीटर काढलं, झटकलं, आणि पुढाऱ्यांच्या जिभेखाली सरकवलं. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बोलता बोलता गप्प केलं होतं. मग धुऊन तेच पोराला लावलं, शेवटी शिपायाला. तिघांचा पारा एकाच रेघेवर.

"दादा, रक्त तर शिपायाच्या रक्ताइतकंच गरम हाय," सर म्हणाले. "बी तुमच्या आज्याचं असंल, न्हाई म्हणत न्हाई. पण सरकी कितीबी खानदानी असली तरी पाण्याबिगर उगवत न्हाई. पोराच्या रागाला रोज पाणी कोण घालतंय, ते तेवढं बघा."

पुढारी उठून गेले. सरांची बदली होणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. झालं असं, की आठवड्याभराने ते पुढारीच सरांच्या गोठ्यात उकिडवे बसलेले मी पाहिले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, कारण त्या दिवशी मैना फार ओरडत होती.

सरांचे असे उद्योग सारखे चालायचे. ग्रामपंचायतीचा निकाल लागला की सगळं गाव गुलाल घेऊन जिंकलेल्याच्या दारात, आणि सर एकटे हरलेल्याच्या ओसरीवर. का, तर हरलेल्या माणसाचं टेस्टोस्टेरॉन खाली येतं, अशा वेळी त्याला चहा प्यायला सोबत लागते. पोरांची सहल कपिलधारला नेली तर सगळ्यांना धबधब्याजवळ कठड्याला उभं करून विचारायचे, "तोंड कोरडं पडलं का? पडलं ना? ह्याला भीती म्हणत्यात. देव आत हाय, त्याला नंतर भेटू. आधी आपल्या तोंडात काय झालं ते बघा." लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याबद्दल गावात नाना तर्क होते. मी एकदा धीर करून विचारलं, तर शांतपणे म्हणाले की मला जी आवडली तिला मी आवडलो नाही, यात माझ्या ग्रंथींचा काही दोष नाही.

त्यांची अधिवृक्क ग्रंथी खरोखर स्रवलेली मी एकदाच पाहिली. गल्लीतला एक दूधवाला त्यांना सांगायला आला, की कशाला म्हशीच्या मिनतवाऱ्या करता, सुई टोचा, झक मारत पान्हा सोडेल. सरांनी हातातली बादली त्याच्या पायाशी अशी आपटली की मैनेने दावं तोडलं. नंतर कितीतरी वेळ ते तिची मान खाजवत उभे होते आणि सांगत होते, की पान्हा मागून घ्यायचा असतो बाई, हिसकून नाही. मी झरोक्याखाली भाजी निवडत होते. म्हशीला 'बाई' म्हणणारा माणूस, असं मनात म्हणून मी हसले होते.

माझी लेक झाली ती याच घरात असताना. माझी आई मी कॉलेजात होते तेव्हाच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायचा प्रश्नच नव्हता. सासूबाई आल्या गेवराईकडच्या गावाहून. त्यांना मी आत्याबाई म्हणते. गोदाकाठी जन्म गेला, तोही सगळा गुराढोरांत. माणसाशी त्या तोडून बोलायच्या, जनावराशी कधी नाही. आल्या त्याच दिवशी त्यांनी सरांना धार काढताना पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, "सर, धार काढताय का नाडी बघताय?" दुसऱ्या दिवसापासून बादली त्यांच्या हातात.

पण मैनेने नवा हात ओळखला आणि दूध चोरलं. थेंब दिला नाही. आत्याबाईंनी मग कंबर कसली. गोठ्याच्या तोंडाला गोणपाटाचा पडदा बांधला. गल्लीतलं कुत्रं हाकललं. शेजारणींना सांगितलं, धारेच्या वेळेला इकडे डोकवायचं नाही. रेडकू आधी तिला चाटायला सोडायचं, पेंडीचं आंबोण पुढे ठेवायचं, आणि कासेला हात लावायच्या आधी तिच्या पाठीवरून हात फिरवत नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायचं. बघता बघता मैना त्यांच्यापुढे अशी पान्हावली की बादलीला फेस मावेना. सर गोणपाटाआडून बघायचे आणि खूश व्हायचे.

मग माझं सिझेरिअन झालं, लेक घरी आली, आणि मला दूध येईना.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, की बाळ चांगलं आहे, ऑपरेशननंतर कधी कधी उशीर होतो, लागेल तेवढं डब्याचं द्या आणि छातीला लावत राहा. मला ते पटलं होतं. पण बाळंतिणीला बघायला येणं हा आपल्याकडे बायकांचा हक्क आहे, आणि आमच्या गल्लीने तो पुरेपूर बजावला. सकाळपासून खोली भरलेली. कुणी हळिवाची खीर आणलेली, कुणी शेपूची भाजी, कुणी नुसताच सल्ला. आल्या आल्या पहिला प्रश्न, "येतंय का?" मग सगळ्या वाकून बघणार. लेक तोंड लावायची, ओढायची, आणि लालबुंद होऊन किंचाळायची. कुणीतरी 'अगं बाई' म्हणून सुस्कारा टाकायचं. माझे हात गार पडायचे. लेकीची रडायची चाहूल लागली तरी छातीत धडधडायला लागायचं.

आणि खरं सांगायचं तर तिच्याकडे बघून मला काही वाटतच नव्हतं. भीती वाटायची, बाकी काही नाही. आईच्या मायेवर मी वर्गात तासन्‌तास बोललेली बाई. पोरी डोळे पुसायच्या माझ्या तासाला. आणि इथे माझ्याच मांडीवर माझं मूल, अन् माझ्या आत सगळं कोरडं. मला वाटायचं, आपल्यात काहीतरी घालायचंच देव विसरला.

आत्याबाईंचा डब्याच्या दुधावर विश्वास नव्हता. त्याला कारण होतं. त्यांचं पहिलं लेकरू दूध नव्हतं म्हणूनच गेलं होतं, असं त्या आयुष्यभर धरून बसल्या होत्या. लेकीने वाटीतलं दूध ओकलं की त्या पांढऱ्याफटक पडायच्या. शेवटी त्यांनी ठरवून टाकलं. गावाकडे माझ्या थोरल्या जाऊबाईंचं मूल अंगावर पीत होतं. त्या दोघांना पाजतील, पोरगी त्यांच्याकडे राहील, बाळसं धरलं की आणू. सोमवारी थोरले दीर जीप घेऊन येणार. यजमान काही बोलले नाहीत, आईपुढे ते कधीच बोलत नाहीत. मीही बोलले नाही. जिला दूध नाही तिने कोणत्या तोंडाने बोलायचं? पण एकदा ही गेली की परत येईल ती जाऊबाईंची होऊन येईल, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

बाळंतिणीच्या खोलीत परपुरुष येत नाही. सर तर दारातूनही बघत नसत. त्यांना सगळं कळत होतं झरोक्यातून, जसं आम्हाला त्यांचं कळायचं. हे ठरलं त्या दुपारी आत्याबाई गोठ्यात आंबोण कालवत होत्या. सरांचा आवाज आला, आणि तो नेहमीपेक्षा चांगलाच मोठा होता.

"अक्का, एक इचारू का? मैनेपुढं तुमी गोणपाट कावून बांधलं?"

"लोकं बघत्यात म्हून. बुजती ती. बुजली की चोरती."

"आन्‌ कुत्रं कावून हाकललं?"

"सर, तुमाला म्हाईत न्हाई व्हय? जनावराच्या मनात भ्या असलं की पान्हा वर चढतो."

"मंग आत सुनंपुढं आख्खं तेलगाव कावून बसवलंय?"

 आत्याबाईंचा आवाज तापला. "माजी सून काय म्हैस हाय? मास्तरीण हाय ती."

मीही उठून बसले होते. टाके दुखत होते आणि अंगाचा तिळपापड झाला होता. एम. ए. मराठी, पहिला वर्ग, आणि घरमालक मला मैनेच्या दावणीला बांधतोय.

"मास्तरीण हाय, लई चांगली मास्तरीण हाय," सर म्हणाले. "पण अक्का, मेंदूतनं जे सुटतं ना, ते मैनेत आन्‌ तिच्यात एकच हाय. ऑक्सिटोसिन त्याचं नाव. लई लाजरं असतंय. भीती दारात उभी असली की ते घरात पाऊल ठेवत न्हाई. दूध आत असंलबी, पण खाली उतरायला ते लागतंय. तुमी हातानं हे रोज करताय, मी फकस्त त्याचं नाव सांगतो."

 सर मग झरोक्याच्या अगदी खाली आले असावेत, कारण पुढचं बोलणं गोठ्यातल्या कुणासाठीच नव्हतं.

"आन्‌ दुसरं. माया आधी आन्‌ पान्हा मागनं, असं कुठं लिहिलेलं न्हाई. कधी पान्हा म्होरं येतो, माया त्याच्या मागं चालत येती. ज्या आईला पहिल्या दिवशी काय वाटत न्हाई, ती वाईट आई नसती. तिचं पोस्ट अजून पोचलेलं नसतं. लेकराला उघड्या छातीवर घ्यावं, त्याची टाळू हुंगावी, आन्‌ वाट बघावी."

प्राध्यापकांनी एका म्हशीला उद्देशून दिलेलं ते व्याख्यान मी भिंतीला डोकं टेकून ऐकलं, आणि हुंदके देऊन रडले. इतक्या दिवसांत मला कुणी सांगितलं नव्हतं, की मी वाईट नाही. सांगितलं ते या माणसाने, ज्याला माया हा शब्द उच्चारायचा कंटाळा होता.

आत्याबाई आत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर गेल्या आणि परत आल्या त्या गोणपाट घेऊन. आमच्या दाराला त्यांनी ते बांधलं, उंबऱ्याबाहेर घोंगडी टाकली आणि काठी घेऊन बसल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात एकही बाई शिरू शकली नाही. खीर घेऊन आलेल्यांची खीर दारात उतरवून घेतली जायची. सरपंचांच्या घरची बाई आली, तिलाही त्यांनी सांगितलं, की लेकरू बघायचं असलं तर बारशाला या. ती फणकाऱ्याने निघाली तर मागून म्हणाल्या, "खीर मातुर लई चांगली झाली बरं का." जीप मात्र त्यांनी रद्द केली नाही. सोमवारपर्यंत बघू, एवढंच म्हणाल्या.

मी दार लोटून लेकीला छातीवर घेऊन पडायची. ती डब्याचं दूध पिऊन झोपायची आणि मी तिची टाळू हुंगायची. आधी वाटलं, काय हा मूर्खपणा. मग कधीतरी लक्षात आलं, की ती झोपली तरी मी हुंगतेच आहे. तिच्या डोक्याला भिजवलेल्या डाळीसारखा काहीतरी वास होता. तिला रडू फुटलं तरी आता हात गार पडत नव्हते. छातीला जरा जडपणा आला होता, एखाददुसरा थेंब दिसायचा. पण थेंबावर मूल वाढत नाही, हे मलाही कळत होतं.

सोमवार उजाडला. चहाच्या वेळेला जीप दारात आली आणि दिरांनी सवयीप्रमाणे कर्णकर्कश हॉर्न दिला. लेक दचकून उठली आणि रडायला लागली. लगेच सरांचा आवाज ऐकू आला. ते जीपच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले होते आणि दिरांना बजावत होते, की हॉर्न वाजवू नका, मैना दूध चोरते. मैनेची धार केव्हाच निघाली होती. पण दीर गुराढोरांतलेच, म्हशीचा शब्द त्यांनी मोडला नाही. सरांनी त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली, खाटेवर बसवलं, चहा दिला, आणि सावत्र वासराला गाय कशी ओळखते या विषयावर त्यांना धरलं.

आत आत्याबाईंनी लेकीचं बोचकं बांधून ठेवलं होतं. दुपटी, टोपडी, काजळाची डबी. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "एकदा घे बाई जवळ," एवढंच म्हणाल्या.

मी घेतलं. लेक तोंड शोधत होती. आत्याबाई माझ्या मागे येऊन बसल्या आणि त्यांचा खरखरीत हात माझ्या पाठीवरून खाली फिरायला लागला, सावकाश, मानेपासून कमरेपर्यंत. आणि त्या गुणगुणायला लागल्या, नाकातल्या नाकात. आई गेल्यापासून माझ्या पाठीवरून असा हात कुणी फिरवला नव्हता. मी डोळे मिटले. मला जीप आठवेना, जाऊबाई आठवेनात. एवढंच मनात आलं, की ही माझी आहे, हिला मी कुठेही देणार नाही.

आधी छातीत बारीक मुंग्या आल्या. मग आतून काहीतरी घट्ट बांधलेलं सुटलं, आणि लेकीने पहिल्यांदा गिळल्याचा आवाज केला. मग दुसऱ्यांदा. मग तिला श्वास घ्यायला सवड होईना. दुसऱ्या बाजूनेही धार लागली, माझा पदर भिजला, तिचं टोपडं भिजलं, मांडीवरची गोधडी भिजली. तिच्या इवल्या नाकावर दूध उडालं आणि ती शिंकली, आणि शिंकून परत प्यायला लागली. मी हसत होते आणि रडत होते, आणि माझ्या आत जे यायचं होतं ते सगळं एकदमच आलं होतं.

आत्याबाईंनी वाकून पाहिलं. ओल्या गोधडीवरून हात फिरवला आणि तो आपल्या कपाळाला लावला. मग त्या उठल्या, ते बोचकं पायाने कोपऱ्यात सारलं, आणि गोणपाट बाजूला करून दारात जाऊन उभ्या राहिल्या. गल्लीतल्या बायका जीप बघून जमलेल्याच होत्या.

"जीप माघारी ने," त्या दिरांना म्हणाल्या. "आमचं लेकरू आमच्या घरी पितंय."

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. सरांच्या हातातला चहाचा कप फुटल्याचा आवाज आला. मग त्यांनी मैनेची रिकामी बादली उचलली आणि ती हलगीसारखी बडवायला सुरुवात केली. आमचे उंच, किडकिडीत, आखूड पँटीचे सर भर गल्लीत बादली बडवत नाचत होते. बायका हसता हसता टाळ्या वाजवायला लागल्या. दिरांनी जीपचा हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. कुत्री भुंकली, मैना हंबरली, आणि आत्याबाई काठी आपटत सगळ्यांच्या वरताण ओरडत होत्या, की संध्याकाळी सगळ्यांनी चहाला यायचं, एकीनंही चुकवायचं न्हाई. एवढ्या गदारोळात पान्हा वर चढायला हवा होता. निदान सरांचं शास्त्र तरी तसंच सांगत होतं. पण माझी लेक पीत राहिली, पीत राहिली, आणि पोट भरल्यावर तोंड उघडं टाकून त्या सगळ्या गोंगाटात गाढ झोपी गेली.